एक्केचाळिसावं पान

कागदांचा गठ्ठा हातात घेतला की त्यात किती पानं आहेत ते मला न मोजता सांगता येतं. वसईच्या कोर्टाजवळ, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर सदानंद सरांचं ऑफिस आहे. तिथे मी एकोणीस वर्षं कागद लावतेय. यादी टाइप करायची, उजव्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने आकडे घालायचे, दाभणाने तीन भोकं पाडायची, पांढऱ्या दोऱ्याने शिवायचं आणि मागे गाठ मारायची. माझी गाठ उलट्या अंगाने दोनदा फिरते. कोर्टात ती लांबून ओळखतात. "क्षितिजाताईंचा सेट" म्हटलं की त्यात चूक नसणार, अशी ख्याती. मला तिचा गर्व होता, आणि हे जे झालं ते त्या गर्वापायीच झालं. दुसऱ्या कोणावर ढकलण्यात अर्थ नाही.

मी मूळची राजापूरकडची, राहते विरारला. बावखल म्हणजे काय हे या दाव्यापर्यंत मला धड ठाऊक नव्हतं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाड्यांच्या मधोमध, गोड्या पाण्याची खोदलेली तळी असतात, ती बावखलं. केळी, भाजी, फुलं सगळं त्यांच्यावर. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण बावखलात पाणी असलं की आजूबाजूच्या विहिरी खारट होत नाहीत. सांडोरमधलं असंच एक बावखल आमचे अशील युजीन यांच्या सातबाऱ्यावर होतं. त्यांना ते बुजवून जागा बिल्डरला द्यायची होती. शेजारची चार घरं कोर्टात गेली. त्यांचं म्हणणं, जमीन युजीनची असली तरी पाणी पाच घरांचं आहे, बापजाद्यांपासून. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली आणि युजीनना हुकूम केला की बावखलासंबंधी तुमच्या ताब्यात असतील तेवढे सगळे कागद शपथेवर उघड करा.

आमची सगळी बाजू एका वाक्यावर उभी होती. पाणी पाच घरांचं असल्याचा एकही लेखी पुरावा नाही.

युजीन दोन ट्रंका घेऊन आले. पन्नाशीचे, इस्त्रीच्या शर्टातले, बोलायला मऊ. वडील लुईस तीन वर्षांपूर्वी वारले, त्यांनी जपलेले कागद. मी चार दिवस बसून ते लावले. फेरफार, मोजणीचे नकाशे, वीजबिलं, पंपाची पावती. एकशे चौसष्ट पानं भरली. यादी झाली, शपथपत्र झालं, "याखेरीज माझ्या ताब्यात कोणताही कागद नाही" या वाक्याखाली गुरुवारी युजीननी सही केली.

शुक्रवारी मी ट्रंका परत भरत होते. दुसरीच्या तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. ते सरळ करायला उचललं तर खाली वही.

लांब वही, लीगल कागदाच्या मापाची, कापडी पाठीची. अंगठा फिरवला आणि कळलं, एक्केचाळीस पानं. निळ्या शाईत आखलेले तक्ते होते. सोमवार ॲनीचं घर, मंगळवार गॉडफ्रेचं, बुधवार आमचं, असे पाच घरांचे पाण्याचे पाच वार. शनिवार चर्चच्या बागेला. रविवारी कोणी नाही. दर वर्षी पास्कानंतरच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या, सोमवारी पाचही घरांनी मिळून गाळ काढल्याची नोंद, खाली पाच सह्या. तेहतीस वर्षं, एकही वर्ष न चुकता. लुईस माझ्याच जातकुळीचा माणूस होता, कागद लावणारा.

मी युजीनना फोन लावला.

"ती पप्पांची वही," ते म्हणाले. "असंच लिहायचे ते घरातलं. तो काय कागद आहे का, मॅडम?"

"सगळं उघड करा असा हुकूम आहे."

मग ते हळूच म्हणाले, "पण काल मी सही केली ना, एवढंच आहे म्हणून? आता मी खोटा ठरणार. आणि यादी तर तुम्हीच केली होती."

पुरवणी शपथपत्र हे अर्ध्या दिवसाचं काम. त्याचं पहिलं वाक्यही ठरलेलं असतं, 'आधीच्या यादीत नजरचुकीने राहून गेले.' म्हणजे माझ्या यादीत, माझ्या नजरचुकीने. एकोणीस वर्षांत ते वाक्य मी स्वतःसाठी कधी टाइप केलं नव्हतं. मी वही खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी सर कोर्टातून आले. बूट काढता काढता त्यांनी विचारलं, "सगळं आलं ना यादीत?"

"हो सर," मी म्हटलं.

सर सरळमार्गी आहेत. त्यांना वही दाखवली असती तर त्यांनी ती त्याच क्षणी यादीत घातली असती, दावा हरला तरी. हे मला माहीत होतं, म्हणून तर दाखवली नाही.

सोमवारी समोरची बाजू मूळ कागद पाहायला आली. त्यांची वकील एलिसा, आणि तिच्याबरोबर वादींमधली सगळ्यात थोरली, ॲनी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जिना चढून आली तरी दम लागलेला नव्हता. मी चहा विचारला.

"नको गो बाय. प्रायश्चित्तकाळ आहे. मी चहा सोडलाय पास्कापर्यंत."

एलिसा एकेक कागद बघत होती. ॲनीमावशी कागद बघतच नव्हती. ती ट्रंकांकडे बघत होती.

"लुईसची वही नाही यात?"

"कसली वही, मावशी?"

"वारांची. लुईस लिहायचा. मागच्या पानावर गाळाचं लिहायचा." ती खुर्चीत सरळ बसली. "आमच्यात कोणाच्या हातून बावखलात घाण गेली ना, की त्याचं नाव त्या पानावर चढायचं. मग त्याने एकट्याने एक दिवस गाळ काढायचा. संध्याकाळी लुईस हात बघायचा त्याचे, असे उलटे करून. नखं काळी असली तर नावापुढे 'झाला' लिहायचा. एकदा झाला लिहिलं की संपलं. परत कोणी त्याला त्यावरून बोलायचं नाही. युजीनचं पण नाव आहे त्यात. पोर असताना चपला धुतल्यान् बावखलात."

"जे आहे ते यादीत आहे, मावशी," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. तिने टेबलावरचा शिवलेला सेट हातात घेतला आणि दोऱ्यावरून बोट फिरवलं. "छान शिवतेस," ती म्हणाली आणि उठली. ती जिना उतरून जाईपर्यंत मी त्या ड्रॉवरला गुडघा लावून बसले होते.

मंगळवारी मी सेट तपासायला घेतले. एक कोर्टाला, चार वादींना, असे पाच. या नव्हे, पुढच्या गुरुवारच्या सुनावणीला द्यायचे होते, तसा वेळ होता. पहिला सेट उचलला आणि हात थबकला. एकशे पासष्ट.

चुकत असेन म्हणून पानं मोजली. सत्त्याण्णव आणि अठ्ठ्याण्णवच्या मध्ये एक कोरं पान होतं. आकडा नाही, अक्षर नाही. जाडसर, जुनाट कागद, हाताला दमट. दोरा त्यातून आरपार गेलेला होता, तीनही भोकांतून, आणि मागची गाठ माझीच, उलट्या अंगाने दोनदा फिरलेली. बाकीच्या चार सेटमध्येही तसंच एकेक पान.

मी ती पाच पानं दोऱ्यापाशी फाडून काढली आणि खाली गेले. झेरॉक्सवाला जॅक्सन माझ्या वडिलांच्या वयाचा, कोर्टाच्या आवारात कोणापेक्षाही जास्त कागद हाताळलेला.

"तुमच्या मशीनमधून ओली पानं येतायत वर," मी म्हटलं.

त्याने एक पान बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. "हा कागद माझ्याकडे नाय, मॅडम. हा जुना आहे, आता मिळत पण नाय. आणि शिवता तर तुम्ही."

मी पाचही पानं त्याच्या टोपलीत टाकली. त्याची टोपली रोज सकाळी घंटागाडीत रिकामी होते.

बुधवारी पुन्हा पाच पानं. या वेळी बाराव्या पानानंतर. मी स्वतःला समजावलं की काल घाईत एकेकच काढलं असेल, प्रत्येकी दोन असतील. पण कालच मी पाचही सेट दोनदा मोजले होते. फाडून टोपलीत टाकली.

गुरुवारीही पाच निघाली, ती टाकून सेट लोखंडी कपाटात कुलूपबंद केले. शुक्रवारी सकाळी कपाट उघडलं तर वास आला. घाण वास नव्हता तो. पाणवनस्पतींचा, थंड मातीचा, दुपारी सावलीत राहिलेल्या पाण्याचा वास. मार्च संपत आलेला, बाहेर ऊन तापलेलं, आणि आमच्या मजल्यावर साधा नळसुद्धा नाही. पाच पानं होतीच. एकाला शेवाळाचा बारीक हिरवा तंतू चिकटला होता. मी तो नखाने काढला.

सरांना सांगावंसं वाटलं. पण काय सांगणार? ओली पानं म्हटलं की वास आला, वास म्हटलं की बावखल आलं, बावखल म्हटलं की ड्रॉवर आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. जॅक्सनच्या दुकानात कोणी जोरात हसलं तरी मला वाटायचं, कळलं यांना. ड्रॉवर मात्र मी उघडला नाही. त्या दिवसांत एकदाही नाही.

शनिवारी पाच. रविवारी ऑफिस बंद. सोमवारी मी धसक्यानेच कपाट उघडलं, दोन दिवसांची दहा असतील म्हणून. पाचच होती. रविवारचं काही आलं नव्हतं.

मंगळवारी जॅक्सन म्हणाला, "मॅडम, रोज एवढी कोरी पानं कशाला फेकता? वाळवा आणि वापरा. रफला होतात."

मी हसले. सकाळी ऑफिसात आलं की पानं काढायची, खाली टाकायची, हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. गुरुवारी सुनावणी झाली की सुटले, एवढंच मी मनाशी म्हणत होते.

बुधवारी, सुनावणीच्या आदल्या दिवशी, चार पानं मी टोपलीत टाकली. पाचवं पान काढताना फोन वाजला म्हणून ते खिडकीच्या कट्ट्यावर राहिलं. कट्ट्यावर ऊन होतं. जेवण झाल्यावर खालून डबा धुऊन आले तेव्हा ते खडखडीत वाळलं होतं.

त्यावर निळी अक्षरं होती.

सोमवार, ॲनीचं घर. मंगळवार, गॉडफ्रेचं. बुधवार, आमचं. खाली एका सालचा गाळ, पास्कानंतरचा सोमवार, पाच सह्या.

मी पर्स उलटी केली. किल्ली सापडेना, मग सापडली.

ड्रॉवरमध्ये वही होती, जशी ठेवली तशी. कुलूपही शाबूत होतं. उचलली आणि हाताला वजन लागलं नाही. कापडी पाठ, दोन पुठ्ठे, मध्ये मोकळा लोंबणारा दोरा.

पाच पानं रोजची. दिवस आठ. चाळीस.

कोरी नव्हती ती. ओली होती, एवढंच. चाळीसातली एकोणचाळीस मी माझ्या हाताने फाडली, चुरगळली, टाकली. जी वही मी नुसती लपवली होती, ती मीच रोज थोडी थोडी नाहीशी केली होती. आणि रोज मला संधी मिळत होती. एक पान, फक्त एकच पान, जॅक्सन म्हणाला तसं वाळवायचं होतं.

मी खाली धावले. बुधवारची चार पानं तरी टोपलीत असायला हवी होती.

"आत्ताच गेली," जॅक्सन म्हणाला. "आज गाडी दुपारची आली. काय हो मॅडम, काय झालं?"

वर आले. खिडकीतलं पान हातात घेतलं, तर मी धरलं होतं तिथून ते ओलं होत चाललं होतं. अक्षरं बघता बघता विरत गेली. पान कोरं झालं, मऊ झालं, आणि बोटांत लगदा राहिला.

मग वहीत पाहिलं. शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटून एक पान उरलं होतं. एक्केचाळिसावं. ते कोरडं होतं.

वर लिहिलं होतं, गाळ.

गॉडफ्रे, रंगाचा डबा धुतला, झाला. युजीन, चपला धुतल्या, झाला. लुईस स्वतः, पंपाचं तेल सांडलं, झाला. अशी वीस-बावीस नावं. सगळ्यांपुढे झाला.

सगळ्यात खाली, त्याच निळ्या शाईत, त्याच सरळ अक्षरात:

क्षितिजा, चाळीस पानं.

पुढची जागा मोकळी होती.

सरांच्या केबिनचं दार चार पावलांवर होतं. मी ते पान घेऊन दारापर्यंत गेले. हे मी खरंच सांगते, गेले. सर मान खाली घालून उद्याचे मुद्दे लिहीत होते. त्यांनी वर न बघताच विचारलं, "पाचही सेट तयार?"

एका पानाने काय सिद्ध होणार होतं? वही कुठेय विचारलं असतं, फाडली म्हणावं लागलं असतं. का फाडली विचारलं असतं.

"हो सर," मी म्हटलं.

गुरुवारी मी सेट दिले. एकशे चौसष्ट पानं, एकही जास्त नाही. सरांनी ते वाक्य उच्चारलं, लेखी पुरावा एकही नाही. एलिसा वहीबद्दल बोलली, पण न दाखवलेल्या वहीबद्दल किती बोलणार? मनाई उठली. ॲनीमावशी मागच्या बाकावर होती. तिने छातीवर क्रूसाची खूण केली आणि पिशवी उचलली.

आठवड्याभरात मुरमाचे डंपर लागले.

पास्कानंतरच्या सोमवारी मी रजा टाकून सांडोरला गेले. सांगून टाकायचं ठरवलं होतं, जे होईल ते होवो. बावखलाच्या जागी लाल सपाट मैदान होतं, त्यावर टायरच्या खुणा. कडेला चार घरांची माणसं उभी होती, हातात घमेली घेऊन. ती आपसात त्यांच्या बोलीत काही बोलत होती, मला कळलं नाही.

"आज गाळाचा दिवस," ॲनीमावशी म्हणाली. "सवयीने आलो."

तिने मला ओटीवर बसवलं, तांब्यातून पाणी दिलं. घोट घेतला तर मचूळ.

"चार दिवस झाले, विहिरीला लागलंय खारं," ती म्हणाली. "केळी पिवळी पडायला लागली."

"मावशी, ती वही..."

तिने माझे दोन्ही हात हातात घेतले, उलटे केले, नखं बघितली. स्वच्छ होती. तिने हात सोडले.

"लुईसकडे असेल," ती म्हणाली. "तो कोणाचं नाव विसरायचा नाही."

मंगळवारी सकाळी मी कणीक मळायला बसले तर सासूबाई ओरडल्या, "अगं, हात धुतलेस का? नखं बघ!"

दहाही नखांत काळा गाळ होता. ओला, थंड. नखाच्या टोकापासून आतपर्यंत.

"कुंड्या हलवल्यास की काय?"

आमच्या घरात एकही कुंडी नाही.

ब्रशने घासलं, निघालं. बुधवारी पुन्हा होतं. त्या दिवशी ऑफिसात जाऊन मी ड्रॉवर उघडला, जवळजवळ आनंदाने. पान काढलं. माझ्या नावापुढची जागा तशीच मोकळी होती. मग लक्षात आलं. बाकीच्यांचा एक दिवसाचा गाळ होता आणि त्यांच्या बावखलाला तळ होता. माझ्या गाळावर आठ फूट मुरूम आहे.

तेव्हापासून रोज सकाळी नखं काळी असतात आणि रोज मी ते पान बघते. रविवार तेवढा सोडून.

मेच्या पहिल्या आठवड्यात गाळ पेरापर्यंत आला होता. आता मनगटाच्या वर आलाय आणि साबणाने जात नाही. शिवायला बसले की दोरा काळा होतो, म्हणून मी हल्ली सेट जॅक्सनकडून शिवून घेते. त्याची गाठ साधी असते.

काल सर केबिनबाहेर आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले.

"इतक्या उकाड्यात पूर्ण बाह्या?" ते म्हणाले. "क्षितिजा, सगळं ठीक आहे ना?"

"हो सर," मी म्हटलं.